अण्णांची व्याजाची वही

२३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंशांनी कोसळला. लोकल त्याच दिवसापासून बंद, त्यामुळे डोंबिवलीहून ऑफिसला जायचा प्रश्नच नव्हता. ती पडझड मी मेथी निवडत टीव्हीवर पाहिली. तासाभरातच १० टक्क्यांचं लोअर सर्किट लागलं, पाऊण तास व्यवहार थांबले, आणि सुरू झाल्यावर बाजार आणखी खाली गेला. बंद होताना आकडा होता २५,९८१. जानेवारीत हाच ४२ हजारांवर होता.

माझी निफ्टीच्या इंडेक्स फंडात एसआयपी आहे. भरलेल्या पैशांपेक्षा कमी रक्कम ॲपवर लाल अक्षरांत दिसत होती. सासरे, म्हणजे अण्णा, चष्मा काढत म्हणाले, "म्हणून मी पोस्टाच्या पुढे जात नाही." त्या दिवशी यावर काय बोलणार?

हप्ता मी चालूच ठेवला. त्यात शौर्य काही नव्हतं. पगार चालू होता आणि ते पैसे लगेच लागणार नव्हते. एका मैत्रिणीच्या नवऱ्याचा पगार निम्म्यावर आला, तिने एप्रिलमध्ये तोट्यात युनिट्स विकली. तिला घाबरट म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. घरमालक काही बाजार सावरेपर्यंत थांबत नाही.

अण्णांचे निवृत्तीचे ९ लाख मे २०१५ पासून पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत होते. दर ९.३ टक्के, तिमाहीला २०,९२५ रुपये. पाच वर्षांची मुदत नेमकी मे २०२० मध्ये संपली आणि एप्रिलपासून नवा दर ८.६ वरून ७.४ वर आला होता. त्यांनी तीन वर्षांची मुदतवाढ घेतली. त्यांच्या वहीत निळ्या शाईने २०,९२५, त्याखाली १६,६५०, आणि समासात पेन्सिलने ४,२७५. त्यापुढे एकच शब्द: 'गोळ्या'. बीपी-शुगरच्या औषधांचं तिमाहीचं बिल साधारण तेवढंच व्हायचं. या घसरणीची ब्रेकिंग न्यूज कुठल्याच वाहिनीने दिली नाही.

मंदी तर आलीच. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचा जीडीपी जवळजवळ चौथ्या हिश्शाने आकसला, पुढच्या तिमाहीतही घटच होती. आणि सेन्सेक्स नोव्हेंबरमध्ये जानेवारीचा उच्चांक ओलांडून गेला. अण्णांना हे काही केल्या पटेना. "दुकानं बंद, माणसं घरी, आणि हा वर कसा?"

मी सांगितलं, रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवर आणला, ठेवींवर काही मिळेना, म्हणून पैसा शेअर्सकडे वळला.

"म्हणजे माझं कापलेलं व्याज तुझ्या फंडात गेलं!"

अर्थशास्त्र म्हणून हे ढोबळ असेल, पण सपशेल खोटंही म्हणता येईना.

२०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, सूर्यफुलाचं तेल कडाडलं, मे महिन्यात सिलिंडर हजारावर गेला. त्या एप्रिलचा किरकोळ महागाईचा दर होता ७.७९ टक्के, अण्णांचं व्याज ७.४. मुद्दल पैशालाही धक्का न लागता कमी होत होतं.

मुदतवाढ संपली तेव्हा, मे २०२३ मध्ये, योजनेचा दर ८.२ झाला होता. मी म्हटलं, लाखभर फंडात टाकून बघा. "अगं, सात वर्षांनी काय होईल ते ८१ व्या वर्षी मी कशाला बघू?" माझ्याही मते त्यांचं बरोबर होतं. शेवटी ८ लाख पोस्टात नव्याने ठेवले, तिमाहीला १६,४०० रुपये, आणि एक लाख दवाखान्यासाठी बँकेच्या साध्या एफडीत.

४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, सेन्सेक्स ४,३८९ अंशांनी पडला. अण्णांनी विचारलं, "तुझा हप्ता कधी जातो?"

"दहा तारखेला."

"मग आज स्वस्तात मिळालं असतं की."

दहा तारखेपर्यंत बाजार पुन्हा होता तिथे आला. अण्णांनी ते दोन-तीनदा ऐकवलं.