बागोर की हवेलीतली संध्याकाळ

उदयपूरला दिवसभर महाल पाहून मुले कंटाळतात. म्हणूनच संध्याकाळ पिछोला तलावाकाठच्या बागोर की हवेलीसाठी राखून ठेवा. १८व्या शतकात मेवाडचे प्रधान अमरचंद बडवा यांनी बांधलेली ही हवेली आता संग्रहालय आहे. आधी दालनांतल्या पगड्या, कठपुतळ्या पाहा. मग सात वाजता चौकात ‘धरोहर’ हा कार्यक्रम रंगतो: घूमर, तेराताली, डोक्यावर घड्यांची उतरंड घेऊन केलेले भवाई नृत्य. दालनात निश्चल दिसलेली कठपुतळी इथे दोरीवर ठुमकू लागते, तशी मुलेही खुलतात.

दुसऱ्या दिवशी शिल्पग्रामला जा. तिथे महाराष्ट्र-गोव्यातल्या घरांचेही नमुने आहेत. मुलांना कारागिरांजवळ निवांत बसू द्या. एखादी कठपुतळी त्यांच्याकडूनच घ्या. गिऱ्हाईक टिकले, तरच ही कला संग्रहालयाबाहेर जगेल.