घमापुरातील एक संहिता

जबलपूरच्या घमापुर चौकातून काँचघरच्या दिशेने निघाले की डाव्या-उजव्या हाताला ज्या गल्ल्या फुटतात, त्यांपैकी एका गल्लीच्या टोकाशी, पत्र्याच्या छपराखाली, एक जुनी मालमोटार उभी आहे. अंगण उताराचे आहे. फाटक वरच्या अंगाला आणि मोटार खालच्या. मोटार १९२४ सालची, फोर्ड कंपनीच्या टीटी जातीची, म्हणजे त्या काळच्या भाषेत एक टनी. तिचे मालक सरकारी कारखान्यात आयुष्यभर टर्नरचे काम करून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले मराठी गृहस्थ आहेत. गल्लीत त्यांना सगळे काका म्हणतात. ही मोटार त्यांनी विकत घेतलेली नाही. ती त्यांनी गोळा केली आहे, आणि त्या कामी त्यांची अकरा वर्षे गेली.

या वस्तीत असा उद्योग कोणाला चमत्कारिक वाटत नाही. १८७० साली मुंबईकडून आणि कलकत्त्याकडून आलेले लोहमार्ग जबलपुरास येऊन मिळाले. १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना निघाला. त्याच कारखान्यात पुढे लष्करासाठी शक्तिमान मालमोटारी बनू लागल्या आणि १९६९ साली वाहनांचा स्वतंत्र कारखाना उभा राहिला. घमापुरातील कितीतरी घरांत व्हर्नियर कॅलिपर देव्हाऱ्याजवळच्या फळीवर ठेवलेला आढळतो. पुण्या-नागपुराहून येथे आलेल्या मराठी कुटुंबांचा इतिहास बहुधा भोसल्यांच्या अमलापासून सांगण्याची रीत आहे. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीनंतर आलेली जी कुटुंबे आहेत, त्यांचा खरा कुलवृत्तांत पगारपत्रकात आणि हजेरीच्या बिल्ल्यांत सापडेल. तो अद्याप कोणी लिहिलेला नाही.

काकांच्या आजोबांनी ही मोटार नवी घेतली ती भाड्याने माल वाहण्यासाठी. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले आणि ती दाराशी उभी राहिली. पुढे घरात आजारपण शिरले, आणि मोटार तुकड्यातुकड्यांनी विकली गेली. इंजिन एका पिठाच्या गिरणीला गेले. मागचा आस चाकांसह एका शेतकऱ्याने बैलगाडीसाठी नेला. सांगाड्याच्या दोन लांब पट्ट्या नाल्यावरच्या साकवाखाली गेल्या. रेडिएटर कोठे गेला हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. उरला तो एक नोंदणीचा कागद, घड्यांवर फाटलेला, आणि त्यावर इंजिनाचा क्रमांक.

फोर्डच्या टी जातीच्या मोटारी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक निघाल्या, आणि तिचीच थोरली बहीण असलेली ही मालमोटार १९१७ पासून विकली जाऊ लागली. इंजिन तेच, चार नळकांड्यांचे, वीस अश्वशक्तीचे. फक्त सांगाडा लांब, पुढच्या-मागच्या आसांतले अंतर शंभर इंचांऐवजी एकशे चोवीस, आणि मागच्या आसात वर्मगिअर. एकाच साच्यातून इतक्या संख्येने निघालेल्या वस्तूचा एखादा भाग हरवला तर त्याच मापाचा दुसरा कोठेतरी असतोच. साकवाखालच्या पट्ट्या साकव नवा झाला तेव्हा हाती आल्या. गीअरपेटीच्या ड्रमांवरचे तीन पट्टे वेगवेगळ्या भंगार दुकानांतून आले. एका दुकानदाराने तर, ‘ले जाओ बड्डे, इसका तो अब नाम लेनेवाला भी नहीं बचा,’ असे म्हणून पैसे घेण्याचे नाकारले. चाकातील चुंबक सोळा हवेत. अकरा मिळाले, पाच दुसऱ्या एका फ्लायव्हीलवरून आणावे लागले, आणि सगळ्यांत प्राण उरला नव्हता म्हणून त्यांना बॅटरीचा प्रवाह देऊन पुन्हा चुंबकत्व आणावे लागले. बेअरिंगांत बॅबिट ओतण्याचे काम काकांनी स्वतः केले. हे काम जाणणारी माणसे आता या शहरातही बोटांवर मोजण्याइतकी उरली असतील.

प्रश्न सुट्या भागांचा नव्हता. प्रश्न असा की, या रीतीने जे उभे राहील ते आजोबांची मोटार असेल काय?

जुन्या ग्रंथांच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा त्यांच्यासमोर हाच पेच असला पाहिजे. पण घमापुरच्या त्या छपराखाली अधिक आठवण होते ती लीळाचरित्राची. म्हाइंभटाने सिद्ध केलेली मूळ पोथी खलजींच्या स्वारीच्या धामधुमीत नाहीशी झाली, आणि मग ज्यांना जे स्मरत होते त्यातून ग्रंथ पुन्हा उभा केला गेला, असे महानुभाव परंपरा सांगते. एकाचे स्मरण दुसऱ्याशी जुळले नाही. त्या मंडळींनी जे केले ते आजच्या संपादकालाही लाजवील असे होते: त्यांनी मतभेद लपविले नाहीत. अमुक वाक्य अमक्याच्या स्मरणाप्रमाणे, अमुक हिराइसेच्या, असे ते नोंदवीत गेले. त्यासाठी ‘वासना’, ‘शोधु’ असे शब्दही त्यांनी योजले. म्हणून वि. भि. कोलते यांच्या १९७८ च्या आवृत्तीसारखे संपादन हाती घेतले की हरवलेल्या ग्रंथाबरोबर तो हरवल्याची हकीकतही वाचावयास मिळते.

काकांनी लीळाचरित्र वाचलेले नाही. पण त्यांच्या मोटारीच्या प्रत्येक मोठ्या भागाला तांब्याच्या तारेने पितळी पट्टी बांधलेली आहे आणि तीवर पंचाने ठोकलेली अक्षरे आहेत: ‘साकव’, ‘भंगार, कटनी’, ‘नवा, घरी केला’. ‘नवा, घरी केला’ ही पट्टी पाहुण्यांना दिसणार नाही अशा जागी बांधता आली असती. ती स्टीअरिंगच्या दांड्यालाच बांधलेली आहे.

मागच्या लाकडी हौद्याला मात्र पट्टी नाही, आणि त्याचे कारण विचार करण्याजोगे आहे. १९२४ पर्यंत फोर्ड कंपनी या मालमोटारीचा केवळ सांगाडा, इंजिन आणि चाके विकीत असे. वरचा साज ज्याने त्याने आपल्या गावच्या सुताराकडून करवून घ्यावयाचा. म्हणजे हौद्याला मूळ प्रत अशी नव्हतीच. घमापुरच्या सुताराने आज केलेला सागवानी हौदा हा शंभर वर्षांपूर्वीच्या सुताराच्या हौद्याइतकाच मूळ आहे. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी आपल्या काटेकोरपणाला अशी एखादी जागा मोकळी सोडावी. ग्रंथांतही अशा जागा असतात.

अखेर इंजिन मिळाले. कटंगीच्या बाजूला एका बंद पडलेल्या गिरणीच्या कोपऱ्यात, पिठाच्या आणि तेलाच्या बोटभर थराखाली. गिरणीवाल्याच्या नातवाने सांगितलेली हकीकत घरच्या हकीकतीशी जुळत होती. काकांनी रॉकेलने डाव्या अंगाची ती सपाट जागा पुसली. पहिले तीन आकडे कागदाशी जुळले. पुढचे जुळले नाहीत.

या एका गोष्टीचे महत्त्व यंत्राशी परिचय नसलेल्यास सहजी उमगणार नाही. त्या सालच्या गाडीच्या सांगाड्यावर क्रमांक नसे. इंजिनाचा क्रमांक तोच गाडीचा क्रमांक. साकवाखालून आलेल्या पट्ट्या आजोबांच्या असतील. परंतु तसे म्हणणारे काका एकटे आहेत. कागद ज्याला ओळखतो तो भाग एकच, आणि तो दुसऱ्या कोणाचा तरी निघाला.

थोरला मुलगा भोपाळहून आला होता. तो म्हणाला, “बाबा, तुमच्याकडे पंच आहेत, हात आहे. जुने आकडे घासायचे आणि कागदावरचे ठोकायचे. कोणाचं नुकसान आहे त्यात?”

त्याचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. त्या काळी इंजिनाचा मुख्य ठोकळा फुटला तर कंपनी बदली ठोकळा क्रमांकाविना पाठवीत असे आणि विक्रेता त्यावर जुन्याच गाडीचा क्रमांक ठोकून देई. ती रीतसर प्रथा होती. काकांनाही ती ठाऊक होती. उलट त्यांनीच ती मुलाला एकदा सांगितली होती. शिवाय क्रमांक जुळल्यावाचून तो कागद निरुपयोगी ठरत होता. जुन्या वाहनांना वेगळी नोंदणी देणारे नियम २०२१ साली झाले आहेत, पण ते खासगी, अव्यापारी वापराच्या वाहनांपुरते, आणि मूळ स्वरूप राखलेले असावे ही त्यांची अट आहे. माल वाहण्यासाठी जन्मलेल्या आणि अकरा ठिकाणांहून जमवलेल्या या गाडीला त्यांत जागा कोठून मिळणार? क्रमांक ठोकला तर निदान आशा होती. न ठोकला तर मोटार अंगणातून बाहेर पडणार नव्हती.

“तो ठोकळा कोरा होता,” काका म्हणाले. “हा कोरा नाही. याच्यावर कोणाचं तरी नाव आहे.”

मुलगा चिडला, आणि त्याचे चिडणे समजण्यासारखे आहे. बापाची अकरा वर्षे आणि निवृत्तीच्या रकमेचा बराच भाग त्याने या छपराखाली जाताना पाहिला होता. जागा विकून सर्वांनी भोपाळला एकत्र राहावे असे त्याच्या मनात होते, आणि रस्त्यावर धावू शकणाऱ्या मोटारीला गिऱ्हाईक मिळाले असते. तो रात्रीच्या गाडीने परत गेला. पुढे सहा महिने फोनवर मोटारीचा विषय निघाला नाही.

नोंदणीचा कागद आता काचेच्या चौकटीत, छपराच्या खांबावर आहे. त्याच्या खाली पितळी पट्टी: ‘हा क्रमांक मिळाला नाही’. इंजिनाला बांधलेल्या पट्टीवर ‘कटंगी, गिरणी’.

दसऱ्याला मुलगा आला. काकांनी मोटारीला झेंडूची माळ घातली, हत्यारांची पूजा केली, ठोकळ्यावरच्या परक्या आकड्यांनाही हळदकुंकू लावले. मग मुलाने हँडल मारले. तिसऱ्या फेऱ्यात इंजिन धरले. या जातीच्या मोटारीत पेट्रोल टाकीतून कार्ब्युरेटरकडे केवळ उताराने येते; चढ उभा असेल आणि टाकी भरलेली नसेल तर इंजिन उपाशी राहते, म्हणून जुने चालक असे चढ उलटे चढत. शिवाय मागे जाण्याचा वेग सर्वांत सावकाश, आणि म्हणून सर्वांत जोरकस. काकांनी मधला पेडल दाबला. मोटार पाठमोरी, थरथरत, अंगणाचा चढ चढू लागली. मुलगा चाकामागे लावायचा दगड हातात घेऊन तिच्या बाजूने चालत होता. फाटकापाशी ती थांबली. त्याने दगड लावला आणि काकांना खाली उतरायला हात दिला.