तापीकाठची दैनंदिनी : बुऱ्हाणपूरचा मुक्काम (लेखांक तिसरा)

सोमवार, सायंकाळ

मुक्ताईनगर मागे टाकून इच्छापूरवरून आमची गाडी मध्य प्रदेशाच्या हद्दीत शिरली, तेव्हा केळीच्या बागांवर धुके उतरू लागले होते. आणि राज्याची सीमा ओलांडली तरी भाषेची सीमा काही लागली नाही, कारण चहाच्या टपरीवर आणि वजनकाट्यावर तीच खानदेशी वळणाची मराठी कानी पडत होती. फारुकी सुलतानांची राजधानी, पुढे मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे ठाणे, आणि १६३१ साली मुमताजमहलने जेथे देह ठेवला ते हे नगर, आज यंत्रमागांच्या खडखडाटात आपला निर्वाह चालवीत आहे. ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी येथे उतरवून पुढच्या फेरीस कापड भरावयाचे आहे. मालक आणि चालक एकच असलेले आमचे दादा मात्र चिंतेत दिसले. "गारठा पडला का हिटर दगा देतो, भाऊ," एवढेच म्हणून ते कांबळे ओढून निजले.

मंगळवार

पहाटे सातपुड्यावरून येणाऱ्या वाऱ्याने काच दवाने भरून गेली होती. दादांनी किल्ली फिरविली. वेटोळ्याच्या खुणेचा जो पिवळा दिवा क्षणभर लागून विझावयाचा, तो मिचकत राहिला, आणि स्टार्टर बराच वेळ कण्हल्यावर इंजिन सुरू झाले ते अंगभर थरथरत, डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर सोडीत. ऊब आल्यावर थरथर थांबली. परंतु ही ऊब आरंभीच पुरविणे हेच तर हिटरचे, म्हणजे ग्लो प्लगचे, कार्य.

डिझेल इंजिनात पेट्रोलप्रमाणे ठिणगी नसते. दट्ट्याने दाबलेली हवा अतिशय तापते आणि तीत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते, या तत्त्वावर रुडॉल्फ डीझेलने १८९७ साली आपले यंत्र यशस्वी करून दाखविले. पण इंजिनाचा थंड धातू ती उष्णता तत्काळ शोषून घेतो. म्हणून प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यात बसविलेला हा सडपातळ प्लग काही सेकंदांत लालबुंद होऊन ज्वलनास साहाय्य करतो. तो एखाद्या सिलिंडरात तापला नाही, तर तेथील डिझेल न जळताच बाहेर पडते, आणि तोच हा पांढरा धूर.

इंदूर रस्त्यावरच्या एका गॅरेजात वृद्ध मिस्त्रींनी स्कॅनर जोडला. पडद्यावर एकच कोड उमटला : पी ०६७३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरच्या ग्लो प्लगच्या विद्युन्मंडलात बिघाड. हाताखालचा पोरगा चारही प्लग बदलण्याच्या तयारीने पाना शोधू लागला, तेव्हा मिस्त्रींनी त्याला थांबविले. "कोड फक्त गल्ली दाखवतो साहेब, घर आपल्यालाच शोधावं लागतं," ते मला म्हणाले. पी ०६७१ पासून पुढचे कोड सिलिंडरच्या क्रमाने लागतात. चारही एकदम उमटले, तर चारही प्लग एकाच रात्री मेले असे न मानता फ्यूज, रिले आणि सामाईक पुरवठा तपासावा. पी ०६७० आला तर नियंत्रक आणि त्याच्या जोडण्या पाहाव्यात. मोजणी मात्र थंड इंजिनावर व्हावी, म्हणून गाडी रात्रभर तेथेच ठेवण्याचा त्यांनी हुकूम दिला.

बुधवार

मोजणीचा तो अर्धा तास मी बारकाईने पाहिला. मिस्त्रींनी चारही प्लगांच्या जोडण्या सोडविल्या. मग मल्टिमीटरची दोन्ही टोके एकमेकांना टेकविली, तो ०.३ ओहम दिसले, म्हणजे तारांचा स्वतःचाच तेवढा विरोध, जो प्रत्येक मापातून वजा करावयाचा. पहिला, दुसरा आणि चौथा प्लग १.१ दाखवीत होते. संशयित तिसराही १.१ च. वजाबाकीनंतर उरलेले ०.८ ओहम हे निकोप प्लगाचेच लक्षण, कारण जळून तुटलेल्या प्लगात विरोध अमर्याद होऊन प्रवाहच थांबतो. निर्दोष ठरलेला हा प्लग काल आडमुठेपणाने पिळला असता, तर गंजलेल्या आट्यांत तो मोडून सिलिंडरचे डोकेच उतरविण्याचा प्रसंग आला असता.

मग तपास तारेकडे वळला. नियंत्रकापासून प्लगापर्यंतच्या तारेवर मीटर मुका राहिला. परंतु तारांचा जुडगा एका लोखंडी पट्टीजवळ हलविताच तो क्षणभर वाजला आणि पुन्हा गप्प झाला. तेथे वेष्टन घासून गेले होते, आणि आतले तांबे हिरवट पडून तंतू तंतू सुटले होते. खराब तुकडा कापून, नव्या तारेला डाग देऊन, वर आवरणाची नळी आवळून मिस्त्रींनी जुडगा पट्टीपासून दूर बांधला आणि कोड पुसून टाकला. "पुसल्यानं रोग जात नाही, पहाटे बघू," असे सांगून त्यांनी दादांकडून केवळ मजुरी घेतली.

दुपारी मोकळा वेळ मिळाला म्हणून कुंडी भंडाऱ्यास गेलो. अब्दुर्रहीम खानखानान सुभेदार असताना, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज नामक इराणी जाणकाराने सातपुड्यातून झिरपणारे पाणी भूमिगत मार्गाने नगराकडे वळविले आणि त्या मार्गावर ओळीने कुंड्या खोदल्या, ज्यांतून खाली हवा जाते आणि माणूसही उतरू शकतो. पाणी कोठे अडले हे एकेका कुंडीत डोकावून ठरविता येते, सारा मार्ग उकरावा लागत नाही. सकाळी मिस्त्रींनी तारेच्या प्रत्येक जोडावर मीटर टेकवून हेच केले होते, आणि अदृश्य प्रवाहाची निगा राखण्याचा दुसरा मार्ग मला तरी ठाऊक नाही.

गुरुवार, पहाटे

गारठा कालच्याहून अधिक होता, म्हणजे परीक्षा खरी झाली. वेटोळ्याचा दिवा लागला, विझला. इंजिन पहिल्याच फेरीत सुरू झाले आणि धुराची एक विरळ रेघ येऊन थांबली. स्कॅनरवर कोड नव्हता.

दादांसारख्या भाड्यावर प्रपंच चालविणाऱ्या माणसाकडून अंदाजाची किंमत वसूल करणे हा अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते. यंत्राने सांकेतिक अंक दिला म्हणजे तपास संपला, असे समजणारा कारागीर सुटे भाग विकतो. त्या अंकापासून तपासाला आरंभ करणारा गाडी दुरुस्त करतो. वाहनधारकांनी म्हणून गॅरेजात एवढे अवश्य विचारावे : बदलण्यापूर्वी मोजले काय, आणि माप किती आले?

कापडाचे गठ्ठे चढत आहेत. दुपारी अशीरगडाची चढण लागेल. तिचा वृत्तांत पुढील अंकी.