चार्तकोव आणि मळवलीचा छापखाना

लोणावळा

चि. निखिल यास,


गोगोलची ‘पोर्ट्रेट’ ही कथा वाचलीस आणि लग्नपत्रिकांची कामं घेणारा मीही तिच्यातल्या चित्रकारासारखा, एक चार्तकोवच, असं लिहिलंस. मला नाही पटलं. चार्तकोवचं भाडं थकलेलं, घरमालक फौजदाराला घेऊन दारात, आणि जुनाट तसबिरीच्या चौकटीतून हजार सोन्याच्या नाण्यांची गुंडाळी पडते. तिथून तो बिघडतो, खरंय. पण त्याचा घात होतो तो एक बाई लेकीचं चित्र काढून घ्यायला येते तेव्हा. पोरीच्या चेहऱ्यावरची पिवळट छटा त्याने नेमकी टिपलेली, आई ती पुसायला लावते. मग हा वैतागून ग्रीक पुराणातल्या सायकीच्या आपल्या जुन्या, अर्धवट चित्रावरच पोरीचा तोंडवळा चढवतो. आई खूश. ही सायकी आहे, असं तो पुटपुटतो, तर तिला वाटतं मुलीला सायकीच्या रूपात काढलंय. आणि हा गप्प बसतो. समोरचा चेहरा न बघताही पैसे मिळतात, हे त्याला त्या दिवशी कळलं. (दुसऱ्या भागातला सैतानी सावकार मी कापूनच टाकला असता. एवढं सगळं माणसांनीच केल्यावर भूत कशाला?)

आता आपल्या मावळातलं बघ. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि १८९९ मध्ये मळवलीला आला. शिळाछापाचं काम, एकेका रंगाला वेगळा दगड, सगळे एकमेकांवर तंतोतंत बसले तरच लक्ष्मी लक्ष्मीसारखी दिसणार. या छापखान्यासाठी लोणावळ्यात काम करत होते धुंडिराज गोविंद फाळके. म्हणजे दुसऱ्याच्या चित्रांच्या प्रती काढणं! जे. जे. आणि बडोद्याचं कलाभवन करून आलेला माणूस. गोध्र्यात फोटोचा धंदा मांडला, तिथे बायको आणि मूल प्लेगने नेलं. मग आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केल्फा’ झाले, जादूचे प्रयोग केले. पुरातत्त्व खात्यातली नोकरी मिळाली, तर स्वदेशीच्या वाऱ्यात तीही सोडली. नातेवाईक काय बोलले असतील ते मला सांगायला नको. तुझ्या आईचे फोन मीच घेते.

पण भाड्याच्या कामाने त्यांची नजर मेली नाही. रसायनं, प्रकाश, ती जादूसुद्धा, सगळं पुढे सिनेमात कामी आलं. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची फिल्म घरातच धुतली, तिला भोकं पाडायला त्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई बसायच्या. तुझ्या पत्रिकेतल्या गणपतीची सोंड तू खरंच बघून काढतोस की मागच्याच फाइलमधून उचलतोस, एवढंच मला सांग.

बाकी फाळक्यांना धंदा जमला असं मी म्हणणार नाही. लोणावळ्यातला स्वतःचा छापखाना पुढे दादरला नेला, १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले, काम नावाजलं गेलं. तरी भागीदाराशी बिनसलं आणि स्वतः उभ्या केलेल्या छापखान्यातून बाहेर पडावं लागलं. तू मित्राबरोबर स्टुडिओ काढतो आहेस ना, तो करारनामा सही करायच्या आधी इकडे पाठव. काकांना दाखवते.

तुझी
मावशी