सारंगखेड्याची घोडी

माझे वडील वरातीला घोडी देतात. आमची घोडी दिवाळीआधी गेली. लग्नसराई तोंडावर आलेली. "जत्रेतले भाव तरी पाहून ये," वडील म्हणाले. मित्राला मात्र मी एवढेच सांगितले, की जत्रा पाहू. गेल्या दत्तजयंतीला आम्ही संगमनेरहून रात्रीच्या एस.टी.ने निघालो, धुळ्याला शहाद्याची गाडी धरली आणि सकाळी सारंगखेड्याला उतरलो.

तापीकाठी, एकमुखी दत्ताच्या या जत्रेत जिकडे पाहावे तिकडे घोडे! मारवाडी घोड्यांचे कान तर असे आत वळलेले, की टोकाला टोक भिडावे. कपाळावर पट्टा आणि चारी पाय पांढरे, तो पंचकल्याणी. किमती लाखांत. मित्र म्हणाला, "लेका, आपलं कॉलेज विकलं तरी जमायचं नाही!"

एका पांढऱ्या घोडीपाशी मी थबकलो. हात आपसूक पुढे गेला. ओठ उचलून दात पाहिले. मित्र पाहतच राहिला.

"धंदा काय रे पोरा?" व्यापाऱ्याने विचारले.

बी.ए.ला आहे, हे उत्तर अगदी ओठांवर होते. "वरातीत घोडी धरतो," मी म्हणालो.

त्याने लगाम सरळ माझ्या हाती दिला. भाव मात्र आमच्या आवाक्यात काही उतरला नाही.

परतताना धुळे येईपर्यंत मित्र गप्प होता. मग म्हणाला, "तुमच्या घोडीचं नाव काय होतं रे?"