काळी स्क्रीन आणि कॅप्स लॉकचा दिवा

पळस्पे फाट्यावर पुण्याचा जुना रस्ता आणि गोवा महामार्ग वेगळे होतात. गोव्याचा पूर्वी 17 नंबर होता, आता 66. आमचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस फाट्यालगतच एका गाळ्यात आहे. बिल्ट्या म्हणजे मालाच्या पावत्या काढणं, ई-वे बिलात गाडीचा नंबर भरणं, डिझेलचा हिशोब ही माझी कामं. कंटेनरच्या ट्रेलरांनी उडवलेली धूळ पुसणं हे न नेमलेलं काम.

दिवाळीत शेठनी नवा मॉनिटर आणला आणि दुखणं सुरू झालं. जेवून परत यावं तर स्क्रीन काळी. माउस हलवा, स्पेसबार बडवा, ढिम्म. कडेचा नारिंगी दिवा तेवढा लुकलुकत राहायचा. कॉम्प्युटरचं बटण दाबून धरून तो बंद करायचा, परत चालू करायचा, की सगळं ठीक. पण अर्धी भरलेली बिल्टी गेलेली असायची.

बाहेर गाडी उभी असताना हे फार जाचतं. ई-वे बिलाचा पहिला भाग बहुतेक वेळा माल पाठवणारा भरतो. गाडीचा नंबर दुसऱ्या भागात, तो आम्ही टाकायचा. तो पडला की बिलाची मुदत सुरू होते, साध्या मालाला दर 200 किलोमीटरमागे एक दिवस. कोकणात लोटे एमआयडीसीचा माल घेऊन निघालेला ड्रायव्हर दारात येऊन म्हणायचा, “मॅडम, कशेडी घाट उजेडात गाठायचाय, बघा ना जरा.” मी काय बघणार? नंबर एकवेळ मोबाइलवरून भरता येतो, बिल्टी छापायला कॉम्प्युटरच लागतो.

रिपेअरवाला आला, मागे-पुढे पाहिलं आणि म्हणाला, “मदरबोर्ड गेलाय.” शेठ लगेच किंमत विचारायला लागले. मला ते पटेना. मदरबोर्ड गेला असता तर बंद-चालू केल्यावर दिवसभर कसा चालला असता?

धागा सापडला तो आवाजावरून. स्क्रीन काळी होती, मी माउस हलवत होते, आणि स्पीकरमधून व्हॉट्सअॅपची टिंग आली. म्हणजे आतला गडी जागा होता! कॅप्स लॉक दाबलं, कीबोर्डवरचा दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला. कॉम्प्युटर झोपलेला असता किंवा अडकला असता तर हा दिवा हलला नसता. मग विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबलं. यानं स्क्रीनला चित्र पाठवणारा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. बीप वाजली, अंधार तसाच. मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरून पाहिला. मागचा प्रकाश गेला असेल तर अशा वेळी पुसट अक्षरं दिसतात. तीही नव्हती. शेवटी मॉनिटरची पिन विजेच्या बोर्डातून काढली, मिनिटभराने परत लावली, आणि अर्धी बिल्टी जशीच्या तशी समोर! कॉम्प्युटरला हातही लावला नव्हता.

म्हणजे दोष मॉनिटरच्या झोपेत होता. जुना मॉनिटर व्हीजीएच्या निळ्या केबलवर चालायचा. त्यात कॉम्प्युटर सिग्नल थांबवतो तेव्हा मॉनिटर झोपतो, सिग्नल आला की उठतो. ही पद्धत 1993 पासूनची, जाड काचेच्या मॉनिटरांच्या काळातली. नवा एचडीएमआयवर आहे, आणि त्यात मॉनिटरलाही ‘मी जोडलेला आहे’ असं एका तारेवरून कळवत राहावं लागतं. काही मॉनिटर गाढ झोपेत ते कळवणंच सोडतात. कॉम्प्युटरला वाटतं समोर कोणी नाही, म्हणून तो चित्र पाठवत नाही. चित्र येत नाही म्हणून मॉनिटर उठत नाही. दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात.

मॉनिटरच्या खालच्या बटणांनी त्याचा मेनू उघडला. तिथे ‘डीप स्लीप’ चालू होतं, ते बंद केलं. ‘ऑटो सोर्स’ काढून एचडीएमआय पक्कं केलं, कारण ऑटोवर तो रिकाम्या व्हीजीएतही सिग्नल शोधत बसतो. केबलची टोकं काढून पुसली. आमच्याकडच्या धुळीला आणि पावसाळी दमटपणाला एवढं करावंच लागतं. वीज थोडी जास्त जात असेल, पण ती बिलात दिसण्याइतकी नसते. स्क्रीन अजूनही दुपारी झोपते, आणि माउस हलवला की उठते. मदरबोर्ड जुनाच आहे.

तुमचीही स्क्रीन उठत नसेल तर दुकानात न्यायच्या आधी कॅप्स लॉक दाबून पाहा. दिवा हलला तर मॉनिटर, केबल आणि सेटिंग तपासा. नाहीच हलला, तर कॉम्प्युटरच उठत नाहीये, आणि रिपेअरवाल्याला नेमकं तेच सांगा.