कळसूबाईच्या शिडीवर

नवरात्रात आम्ही पाच मित्र आणि माझा दादा कळसूबाईला गेलो. कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर आहे. उंची १६४६ मीटर. गुरुजींनी ती पाठ करून घेतली आहे.

पहाटेच निघालो. आईने भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता. बारी गावापासून चढ लागला. सगळीकडे पिवळी सोनकी फुलली होती. मी सगळ्यांच्या पुढे पळत होतो.

मग लोखंडी शिडी आली. शाळेत मी सांगितले होते, "शिडीचं काय एवढं? मी हात सोडून चढंन." पण मध्यावर खाली पाहिलं आणि पाय लटलट कापायला लागले. मागे माणसांची रांग. एक आजी म्हणाली, "बाळा, वर बघ." माझ्या शेजारी बसणारा मित्र माझ्या खालीच होता. त्याने माझी टाच धरून एकेका पायरीवर ठेवली. वर गेल्यावर तो कुणाला काही बोलला नाही.

वर देवीचे छोटे देऊळ आहे. भंडारदऱ्याचे पाणी दिसले. वारा तर असा, की भाकरी धरून खावी लागली.

घरी आईने विचारले, "कुणी घाबरलं का रं?" मी त्या मित्राचे नाव सांगितले. आईने ते पाण्यावर त्याच्या आईला सांगितले. तेव्हापासून तो माझ्या शेजारी बसत नाही.

घाबरलो होतो तो मी. आज पालक भित्तिपत्रक बघायला येणार आहेत. त्याच्या आईला वाचता येते.